नाक्यावरचे समाजसेवक आणि बी.एस.डब्ल्यू.ची पदवी

कोकण विभागीय मंडळ २०१२ साली वेगळं झालं आणि तेव्हापासून बारावीच्या निकालात ते राज्यात पहिलं येत आलं आहे. निकालाच्या दिवशी रत्नागिरीत पेढ्यांच्या दुकानांत गर्दी होते. आठवडाभराने ती गर्दी पुढे काय शिकायचं हे विचारायला माझ्याकडे येते, आणि तेव्हा पेढे कोणी आणत नाही.

अशाच एका दिवशी पावसकडचे एक आंबा बागायतदार मुलीला घेऊन आले. मुलगी कला शाखेची, गुण बरे. तिला बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी, करायची होती. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, आमच्या नाक्यावर एक बॅनर लावलाय. त्याच्यावर अकरा जणांचे फोटो आणि अकराही जणांच्या नावाखाली 'समाजसेवक'. त्यातला एकही त्यासाठी कॉलेजात गेलेला नाही. मग हिने तीन वर्षं फी भरून काय मिळवायचं?"

मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. आपल्याकडे रक्तदान शिबिर भरवणारा, गणपतीत वह्या वाटणारा आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटाची वाट बघणारा, सगळ्यांना एकच शब्द आहे. समाजसेवा ही वृत्ती आहे, ती कोणालाही असू शकते. समाजकार्य हा व्यवसाय आहे. आणि समाजशास्त्र हा तिसराच विषय. अर्ज भरताना त्याची समाजकार्याशी गल्लत करणारी मुलं मला दरवर्षी भेटतात.

फरक कळायला चिपळूण आठवावं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर पाणी ओसरलं आणि मदतीच्या गाड्या येऊ लागल्या. काही ठिकाणी कपड्यांचे ढीग चिखलात पडून राहिले, कारण ते कोणाला हवेत हे कोणी विचारलंच नव्हतं. हमरस्त्यावरच्या वस्तीला चार चार वेळा धान्याचं किट मिळालं आणि आतल्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या माणसाला एकदाही नाही, कारण घर त्याच्या नावावर नव्हतं. गाडी भरून आणणाऱ्यांची वृत्ती चांगलीच होती. दारोदार जाऊन यादी करणं, कोणाला काय हवं ते विचारणं, भाडेकरूला सरकारी मदतीसाठी कोणता कागद लागेल हे माहीत असणं, आणि आठ दिवसांनी सगळे पांगल्यावर पुन्हा त्याच दारात जाणं, हे शिकावं लागतं. बी.एस.डब्ल्यू. त्याचं शिक्षण आहे.

तरी बागायतदारांचा मुद्दा संपला नव्हता. "देवरुखच्या मावशी कुठे शिकल्या होत्या?" ते म्हणाले. खरंच आहे. इंदिराबाई हळबे, म्हणजे मावशी, कुठल्या समाजकार्य महाविद्यालयातून आल्या नव्हत्या. त्यांनी १९५४ साली देवरुखात दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून मातृमंदिर उभं केलं. पदवी माणसाला मावशी हळबे करत नाही, एवढं मी कोणत्याही महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेच्या विरोधात जाऊन सांगेन. पण आज देवरुखात कोणी टाकून दिलेलं बाळ सापडलं तर काय होतं बघा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. पालकांचा शोध, चौकशी अहवाल, मग ते बाळ दत्तक देण्यासाठी मोकळं झाल्याचा आदेश. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्याच्या घरी जाऊन अहवाल लिहायचा असतो, तोही समाजकार्यकर्त्यानेच. तो कच्चा राहिला तर बाळ संस्थेतच वाढत राहतं. मावशींच्या काळात मायेवर चालायचं ते आता मायेवर आणि कागदावर, दोन्हींवर चालतं.

आता प्रवेशाचं. बारावी कोणत्याही शाखेची चालते. तीन वर्षांची पदवी, आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत चौथं वर्ष करून ऑनर्सची पदवीही घेता येते. आपल्याकडून बरीच मुलं मुंबईकडे बघतात, कारण कोकण रेल्वे तिकडेच जाते आणि डोंबिवली-विरारला कोणी ना कोणी काका असतोच. तिथे चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन हे १९५५ पासूनचं जुनं नाव. देशात या विषयाचं शिक्षणच मुंबईत सुरू झालं, १९३६ साली, सर दोराबजी टाटांच्या नावाच्या संस्थेत. तीच आजची टीस. ग्रामीण कामाची ओढ असलेल्या मुलांनी टीसच्या तुळजापूरच्या आवाराकडे जरूर बघावं. इथे एक व्यवहाराची गोष्ट: टीससारख्या संस्था सीयूईटी या केंद्रीय परीक्षेचे गुण मागतात आणि त्या परीक्षेचे अर्ज बारावीच्या निकालाच्या बरेच आधी बंद होतात. निकाल लागल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांची ती गाडी सुटलेली असते. ज्यांना घर सोडणं शक्यच नाही त्यांच्यासाठी इग्नूची दूरस्थ बी.एस.डब्ल्यू. आहे, इंग्रजी आणि हिंदी माध्यमातून. मात्र दूरस्थ म्हणजे घरबसल्या असा अर्थ काढू नका. क्षेत्रकार्य तिथेही आहे.

काही महाविद्यालयं मुलाखत घेतात. त्यात हमखास प्रश्न असतो, तुमच्या गावात कोणता सामाजिक प्रश्न आहे? आपली मुलं इथे निबंध सुरू करतात. बेरोजगारी, भ्रष्टाचार, व्यसनाधीनता. ऐकणाऱ्याने हे त्या दिवशी पंधरा वेळा ऐकलेलं असतं. वैशाखात वाडीतली विहीर आटली की टँकर कुठपर्यंत येतो आणि तिथून पुढे हंडा कोण वाहतं, हे सांगा. मिरकरवाड्याच्या बोटींवर आणि बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं कुठल्या शाळेत जातात, जातात का, हे सांगा. मुलगे-सुना मुंबईत आणि घरात दोनच म्हातारी माणसं, अशी आपल्या वाडीत किती घरं आहेत, मोजून सांगा. त्या बागायतदारांच्या मुलीला मी एकच अभ्यास दिला. रहाटाघर स्टँडवर एक तास बसायचं, मोबाइल पिशवीत ठेवायचा, आणि काय दिसलं ते मराठीत एक पान लिहायचं. तिने दोन पानं लिहून आणली. शेवटची गाडी चुकलेल्या एका आजीबद्दल होती, आणि 'बिचारी' हा शब्द त्यात एकदाही नव्हता. माझ्या मते तिची प्रवेशपरीक्षा तिथेच झाली.

प्रवेश हुकला तर? मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना बसू दिलं नाही. त्याने त्यांचं काही अडलं नाही; पुण्यात १९६३ पासून समाजकार्य शिकवणारी एक संस्था आज त्यांच्या नावाने चालते.

अभ्यासक्रमाचा खरा कणा म्हणजे क्षेत्रकार्य, मुलांच्या भाषेत फील्डवर्क. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस वर्गाबाहेर, एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत. बहुतेक ठिकाणी त्यात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. लेखी पेपरात कितीही गुण असोत. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही नावं पुस्तकात तीन धडे वाटतात. फील्डवर गेल्यावर कळतं की एका बाईशी तासभर बोलून तिला सल्ला न देता परत येणं किती अवघड आहे. आपल्याला सल्ला द्यायची भारी हौस, आणि इथे पहिल्यांदा तीच मोडून काढतात.

पहिलं सत्र म्हणूनच वाईट जातं. मुलगी फोनवर रडते. कुणी दारात उभं केलं नाही, कुणी विचारलं, "तू आम्हाला काय देणार?" आणि देण्यासारखं हातात काहीच नव्हतं. शिवाय प्रत्येक दिवसाचा अहवाल. काय घडलं, ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, तेव्हा मला काय वाटलं. लाल शेऱ्यांनी भरून परत येतो. याच सुमाराला आईवडील "राहू दे, परत ये, बी.ए. कर" म्हणतात. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगतो. दुसऱ्या वर्षी त्याच मुलीला अहवालातून स्वतःची चूक आधी दिसायला लागते, मार्गदर्शकाने दाखवण्याआधी. तिसऱ्या वर्षी ती ग्रामसभेत मागे उभी राहून गावातल्या बायकांना बोलायला लावते, स्वतः बोलत नाही. शिबिरं आणि अभ्याससहली असतात, त्या मजेच्या असतात, त्यावर जास्त लिहायला नको.

मुलींच्या पालकांना सुरक्षिततेची चिंता असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. महाविद्यालयाला स्पष्ट विचारा: मुलींना फील्डवर जोडीने पाठवता का, किती वाजेपर्यंत, संस्थेतली जबाबदार व्यक्ती कोण, मार्गदर्शक प्रत्यक्ष फील्डवर येतात का फक्त अहवाल तपासतात? शेवटच्या प्रश्नाला जिथे गोलमोल उत्तर मिळेल तिथे प्रवेश घेऊ नका, मग इमारत कितीही चकचकीत असो. इंग्रजीचीही धास्ती असते. पुस्तकं बरीचशी इंग्रजीत आहेत, हे खरं. पण वस्तीतली माणसं मराठीत आणि हिंदीत बोलतात, आणि मालगुंडच्या मुलीला खारवी बाईशी बोलायला दुभाषा लागत नाही.

पगाराचं गोड बोलून उपयोग नाही. सुरुवात कमी पगारावर होते. सरकारी योजनांतली बरीच पदं कंत्राटी, अकरा महिन्यांची, आणि दर वर्षी सही होईपर्यंत जीव टांगणीला. स्वयंसेवी संस्थेत देणगी आटली की प्रकल्प बंद. हे ऐकून ज्याला परत फिरायचंय त्याने आत्ताच फिरावं. जे टिकतात त्यांच्यासाठी वाटा मात्र आहेत: बाल संरक्षण कक्ष, महिलांसाठीची सखी केंद्रं, 'उमेद'चे बचतगट, रुग्णालयांतलं समुपदेशन, लोटे परशुरामसारख्या वसाहतींतल्या कंपन्यांची सामाजिक कामं. कामगार कल्याण अधिकाऱ्याचं पद तर १९४८ च्या कारखाने कायद्यानेच पाचशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना बंधनकारक केलं होतं.

आणि नुसत्या बी.एस.डब्ल्यू.वर कुठपर्यंत जाता येतं, हेही ऐका. आपल्या शहरात १८८६ पासूनचं मनोरुग्णालय आहे. तिथल्यासारखं मनोविकार क्षेत्रातलं समाजकार्य करायचं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येप्रमाणे एम.एस.डब्ल्यू. ही पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांची एम.फिल. लागते. तीन, दोन आणि दोन, झाली सात वर्षं. एम.फिल.चे नियम सध्या बदलत आहेत, म्हणून त्या टप्प्यावर ताजी अधिसूचना वाचूनच पाऊल टाका. वरच्या जागांसाठी एम.एस.डब्ल्यू. बहुतेक ठिकाणी लागतेच. पालकांनी तीन वर्षांचा नव्हे, पाच वर्षांचा हिशोब मांडावा, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर पहिल्याच महिन्यात भरावा.

बागायतदारांनी जाताना विचारलं, "म्हणजे बॅनरवर हिचा फोटो यायचा नाही?" मी म्हटलं, आला तर मला कळवा, मी तिला दोन शब्द सुनावीन.

मुलगी दिवाळीला घरी येईल. तिला पगार किती मिळेल ते लगेच विचारू नका. फील्डवर्कला कुठे जाते, कशी जाते, जेवते कुठे, ते विचारा. जिच्याशी ती दर आठवड्याला बोलते त्या बाईचं नाव मात्र विचारू नका. ती सांगणार नाही. पहिल्याच महिन्यात त्यांना ते शिकवलेलं असतं.