जीपचा निर्माता कोण?

जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या हलक्या गाडीसाठी १३५ कंपन्यांना आवाहन केले. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडे रेखाटले आणि २३ सप्टेंबरला गाडी वेळेत हजर झाली. परंतु बँटमची उत्पादनक्षमता अल्प, म्हणून लष्कराने ते आराखडे विलीज व फोर्ड यांना दिले. महायुद्धात या दोघांनी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. जीप आपणच निर्माण केली, हा विलीजचा जाहिरातींतील दावा १९४८ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने दिशाभूल करणारा ठरविला. तरी १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव विलीजच्याच मालकीचे झाले. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने नावाच्या पाटीपाशी न थांबता मूळ कागदांपर्यंत जावे.