तुळशीची सेवा आणि तुळशीची निगा

वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, दारात तुळशीचे वृंदावन, आणि वारीच्या वाटेवर मायबहिणींच्या डोईवरही तुळसच. पण जिला आपण रोज प्रदक्षिणा घालतो तिला ऊन किती लागते, पाणी किती लागते, हे कितीजणांनी नीट पाहिले आहे? दरवर्षी रोप आणावे आणि दरवर्षी ते वाळावे, असे पुष्कळ घरी चालते. म्हणून या पाठात तुळशीच्या निगेचा विचार करू.

आधी आमच्याच घरची गोष्ट. काही वर्षांमागे ऐन श्रावणात आमच्या तुळशीने मान टाकली. पाने काळवंडून गळाली. घरात कुजबूज सुरू झाली आणि विटाळाचा संशय नव्या सुनेवर आला. पोर बिचारी रडून बसली. आम्ही कुंडी उपडी केली. पाहतो तो तळाचे भोक गच्च बुजलेले, मुळे काळी पडून कुजलेली! घरची पाच माणसे रोज पाच तांबे पाणी घालीत होती, वर पाऊस होताच. तुळस मेली ती आमच्याच हातच्या पाण्याने. सुनेकडे काडीचाही दोष नव्हता. आम्ही तिची क्षमा मागितली आणि मग निगा शिकलो.

जागा : तुळशीला रोज निदान ५-६ तास ऊन हवे. सावलीत ती उंच, किरटी होते आणि तिचा वासही मंदावतो. गॅलरीत कुंडी ठेवायची तर जिथे सकाळचे ऊन येते तिथे ठेवा.

माती : नुसती काळी चिकण माती पाणी धरून ठेवते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग मुरलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. ताजे शेण घालू नये, त्याने मुळे जळतात. कुंडी १०-१२ इंच खोल असावी, आणि तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा म्हणजे भोक बुजत नाही.

पाणी : बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. वैशाखात बहुधा रोज लागते, थंडीत एक-दोन दिवसांआड पुरते, पावसाळ्यात कित्येक दिवस लागतच नाही. पूजेसाठी एकाने पाणी घालावे, बाकीच्यांनी पळीभर वाहून नमस्कार करावा. दूध-साखर मुळाशी ओतली की मुंग्या येतात. हळदकुंकू वृंदावनाला लावा, खोडाला नको. दिवाही कोनाड्यात ठेवा, पानांना आच लागू देऊ नका.

मंजिरी : पुष्कळांचे चुकते ते इथेच. मंजिरी झाडावरच पिकू दिली की झाडाचा सारा जीव बियांत जातो, पाने बारीक होतात आणि खोड लवकर लाकूड होते. मंजिरी कोवळी असतानाच खुडून देवाला वाहावी. मग खालून नवे फुटवे येतात. बियांसाठी दोन-चार तेवढ्या ठेवाव्या.

कीड : पानांच्या पाठीवर कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी शिंपडावे. ती पाने आठवडाभर प्रसादाला घेऊ नयेत.

नवे रोप : तुळस काही अमर नाही. दोन-तीन वर्षांत ती म्हातारी होते. ते अरिष्ट नव्हे, तिचे आयुष्यच तेवढे. म्हणून पिकलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी काढावे आणि चैत्रात किंवा मृगाच्या सुमारास मातीवर भुरभुरावे. वर चिमूटभर बारीक वाळू टाकावी. बी खोल गेले तर उगवत नाही. आठ-पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. चार-सहा पाने आली की एकेक रोप वेगळे लावावे. जुने वाळलेले खोड कचऱ्यात टाकू नका. आपल्या माळेचे मणी याच काष्ठाचे असतात.

वारीला निघताना : ज्येष्ठ वद्यात आपण आळंदी-देहूहून निघतो ते आषाढी करूनच परततो. तेवढे दिवस कुंडी वळचणीच्या पागोळ्यांखाली ठेवू नका. पाऊस ओढ धरील तेव्हा पाणी घालायला शेजारच्या माउलीला सांगून जा.

अरणचे सावता महाराज इ. स. १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांनी मळ्याच्या कामातच विठ्ठल पाहिला. झाडाची निगा आणि देवाची सेवा या त्यांना दोन गोष्टी वाटल्या नाहीत. आपल्या दारीही तसेच व्हावे. आणि कधी तुळस वाळलीच, तर घरातल्या कुणाला बोल लावण्याआधी कुंडीचे भोक तेवढे पाहावे, एवढीच आमची विनंती.

रामकृष्णहरि.