एक सूचना, अनेक भाषा : फीडमधील भाषानिर्देशाचे महत्त्व

वसमतच्या कारभारास एकाहून अधिक भाषांचा परिचय जुना आहे. १९४८ पर्यंत हा तालुका हैदराबाद संस्थानात होता व संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला. राजभाषा मराठी असली, तरी गावात उर्दू वाचणारी कुटुंबे आहेत आणि हळदीच्या बाजारात हिंदीही ऐकू येते. सूचना सर्वांना समजली तरच तिचा हेतू सफल होतो.

आज शासकीय सूचना संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. नव्या सूचनेचा मथळा, तारीख व दुवा वाचकाच्या यंत्रापर्यंत आपोआप पोहोचविणाऱ्या यादीस फीड म्हणतात. ही यादी अनेक भाषांत द्यावयाची असल्यास यंत्राला प्रत्येक मजकुराची भाषा स्पष्टपणे सांगावी लागते.

लिपी दिसत असताना भाषा वेगळी सांगण्याचे कारण काय? मराठी व हिंदी या दोहोंची लिपी देवनागरी आहे. ‘शिक्षा’ या शब्दाचा हिंदीत अर्थ शिक्षण, तर मराठीत दंड. भाषेची नोंद चुकल्यास यांत्रिक भाषांतरात अर्थाचा अनर्थ होऊ शकतो. दृष्टिहीन वाचकास मजकूर वाचून दाखविणारे यंत्रही मराठी सूचना हिंदी उच्चारांत वाचू लागते.

आरएसएस २.० या पद्धतीत भाषेचा निर्देश संपूर्ण फीडसाठी एकदाच करता येतो. म्हणून तेथे प्रत्येक भाषेचे स्वतंत्र फीड ठेवणे योग्य. डिसेंबर २००५ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या ॲटम पद्धतीत मात्र प्रत्येक नोंदीची भाषा वेगळी दाखविता येते.

फीड तयार करविताना पुढील बाबी पाहाव्यात :

१. अक्षरे युनिकोडमध्येच असावीत. विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेला जुना मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक दिसतो.

२. भाषेचा संकेत प्रमाणित असावा : मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, उर्दूसाठी ‘यूआर’. हे संकेत प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहावयाचे असतात.

३. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. भाषेच्या संकेताने ही दिशा आपोआप ठरतेच असे नाही; ती मजकुरात वेगळी नोंदवावी.

४. एकाच सूचनेच्या सर्व भाषांतील नोंदी परस्परांशी दुव्याने जोडाव्यात.

यांतील चौथी बाब विशेष महत्त्वाची. अर्जाची अंतिम तारीख मराठीत बदलली आणि उर्दूत जुनीच राहिली, तर एका कुटुंबाचा हक्क केवळ भाषेमुळे हुकतो. तंत्रज्ञ दुवा जोडून देईल. परंतु मूळ सूचना बदलताच सर्व भाषांतील मजकूर त्याच दिवशी दुरुस्त करण्याची जबाबदारी कार्यालयाने एका निश्चित कर्मचाऱ्याकडे सोपविली पाहिजे. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनीही आपल्या गावातील सूचना या दृष्टीने पडताळून पाहाव्यात.