लिही गं, पण आधी विचार

गर्भपातविरोधी चळवळींवर लेख, तोही आनेकलच्या तुमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी! झोप उडणारच. बघ, दोन्हीकडची मंडळी चिडतील ही तुझी भीती काही खोटी नाही. पण भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस करणारी तू, हेही निभावशील.

खरं सांगू का, डाळ-तांदूळ निवडावेत तसं आधी कोण कशाच्या विरोधात आहे ते निवडून घे. गर्भलिंगचाचणीवर देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात १९८८ साली आला, तो मुंबईतल्या स्त्रीसंघटनांच्या रेट्यामुळे. त्यांचा राग चाचणीवर होता, गर्भपाताचा हक्क त्यांना हवाच होता. २००० साली 'मासूम', 'सेहत' या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेही चाचणीबंदीचा केंद्राचा कायदा नीट राबवावा म्हणून. आणि १० ऑगस्ट २०२२ ला दिल्लीत कॅथलिक मंडळींनी 'मार्च फॉर लाइफ' काढला. त्यांना मुळात गर्भपातच नको. दिवसही ठरवून निवडलेला, कारण १९७१चा गर्भपाताचा कायदा १० ऑगस्टचाच. या सगळ्यांना 'गर्भपातविरोधी' म्हणून मोकळी झालीस, तर दोघांवरही अन्याय.

आता आकड्यांचं. २०२३ मध्ये बंगळुरू पोलिसांनी एक टोळी पकडली. मंड्याकडच्या एका गुऱ्हाळात सोनोग्राफीचं मशीन ठेवून म्हणे मुलगा की मुलगी ते सांगायचे, आणि मुलगी निघाली की गर्भपात! तेव्हा सुमारे ९०० गर्भपातांचा आकडा सगळीकडे छापून आला. पण तो पोलिसांनी सांगितलेला, कोर्टात सिद्ध झालेला नव्हे. म्हणून 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द घालायला लाजू नकोस गं, त्यानं वाक्य लुळं पडत नाही.

मोर्चावाल्यांचं म्हणणं त्यांच्याच पत्रकातून घे, विरोधकांच्या टोमण्यांतून नको. स्त्रीसंघटनांनाही हाच नियम. 'खुनी', 'धर्मवेडे' असं कुणी म्हटलंच असेल, तर ते त्याच्या नावासकट अवतरणात टाक, तुझ्या तोंडी नको. आणि कायदा व्हॉट्सॲपवरून नको, मुळातून वाच. २०२१च्या दुरुस्तीनं काही ठरावीक गटांतल्या बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बायकांनाही त्यात धरलं. त्यामुळे 'आपल्याकडे केव्हाही चालतं' आणि 'आपल्याकडे बंदीच आहे', दोन्ही थापाच.

एका बाबतीत मात्र माझं ऐकायचंच. एखादी बाई विश्वासानं तुझ्याशी बोलली, तर तिचं नाव तर नाहीच, पण सोसायटी, नवऱ्याची कंपनी, मुलांची शाळा, यातलं काहीही नको. तुमच्या चंदापुऱ्याकडे मराठी घरं ती किती! दोन खुणांत ओळख पटते. छापण्याआधी तिचा मजकूर तिला वाचून दाखव, आणि 'हे काढ' म्हणाली तर कुरकुर न करता काढ. अंकाचं पान भरायला इतर पुष्कळ काही मिळेल.