सीटा काढलेलं विमान हँगरातच बरं

आमच्या बाजारहत्नूरहून इच्चोड्याला जाणाऱ्या जीपांची मागची सीट कापसाच्या हंगामात काढूनच ठेवलेली असायची. बोजे भरले की गाडी निघाली. रस्त्यावर हे खपून जातं. जास्तीत जास्त चढाला इंजिन धापा टाकतं. पण हीच सवय घेऊन कुणी छोट्या विमानाकडे आला की माझ्या पोटात गोळा येतो. धुळे, बारामती, गोंदियाकडे आता आपली पोरं-पोरी उड्डाण शिकायला जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

खानदेशातल्या एका धावपट्टीवर ओळखीच्या एका मालकाचं सेसना १७२ होतं. आतलं काम चाललं होतं: गालिचा उचकटलेला, बाजूची पॅनेलं उतरवलेली, मागची सीट बाहेर. पुढच्या दोन सीटा तेवढ्या परत बसवल्या होत्या. "इंजिनला कुणी हात लावलेला नाही, एक चक्कर मारून येऊ," असं ठरलं. मालक डावीकडे, मी उजवीकडे. विमानाने वेग घेतला, चाकं हलकी व्हायला लागली आणि डावी सीट खडाखड आवाज करत मागे गेली. पाय पॅडलवरून सुटले. माणूस अशा वेळी हाताला लागेल ते धरतो आणि त्यांच्या हातात कंट्रोल व्हील होतं. ते मागे ओढलं गेलं, नाक वर उठलं. मी व्हील पुढे रेटलं, थ्रॉटल बंद केलं, आणि पट्टी लांब होती म्हणून आम्ही पट्टीवरच थांबलो. जमीन सोडून पन्नास फूट वर गेल्यावर हेच झालं असतं तर स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, विमान खाली आलं असतं.

हा आजार नवा नाही. या जातीच्या विमानांच्या सीट-रुळांची नेमाने तपासणी करा, असा सक्तीचा आदेश अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ साली काढला आणि २०११ मध्ये तो नव्याने दिला. रुळाला ओळीने भोकं असतात, सीटखालची पिन त्यात बसते. भोक झिजून ०.४२ इंचापेक्षा मोठं झालं की रूळ बदलायचा. रुळाच्या टोकाला सीट निसटू नये म्हणून छोटा स्टॉप असतो. सीट काढायची तर आधी तो काढावा लागतो, आणि परत लावायचा राहून जातो. त्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये स्क्रूंच्या पिशवीत पडला होता, आणि सीटची पिन भोकात न उतरता काठावर टेकलेली होती. तेव्हा बसल्यावर सीट नुसती सरकवू नका. पाय टेकवून कंबरेने मागे-पुढे जोर द्या. पिन दोन्ही बाजूंनी खाली उतरलेली डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट वजनाची. सेसना १७२ मध्ये मोजणी इंजिनमागच्या फायरवॉलपासून होते: पुढची माणसं साधारण ३७ इंचांवर, मागची सीट ७३ इंचांवर, सामानाची पुढची जागा ९५ इंचांवर. काढलेली सीट, पॅनेलं, गालिच्याची गुंडाळी "राहू द्या मागे" म्हणून सामानात टाकली की सगळा भार मागे सरकतो. विमान नाक वर करू पाहतं आणि स्टॉलमधून सावरायला नाखूष होतं. तिथली मर्यादा ५४ किलोच आहे, आणि न बांधलेला माल चढताना आणखी मागे घसरतो. उलट मागचं सगळं बाहेर आणि पुढे दोन धिप्पाड माणसं असली, तर उतरताना नाक उचलायला शेपटीवरचा एलेव्हेटर अपुरा पडून पुढचं चाक आपटतं. नवं चामडं, नवा ध्वनिरोधक थर यांचंही वजन लागतं. त्यामुळे जुना वजनाचा कागद तेव्हापासून बाद समजा.

पॅनेलं निघाली की केबल आणि पुल्या उघड्या पडतात. तिथे सुटा स्क्रू किंवा चिंधी अडकली तर कंट्रोल जाम होतो. म्हणून व्हील आणि पॅडल शेवटच्या टोकापर्यंत फिरवून बघा, कान लावून. फायरवॉलमधून वायरी जातात त्या भोकांचे रबर निघाले असतील तर इंजिनचा धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आणि कापड! सोफ्याच्या दुकानातलं रेक्झिन स्वस्त आणि देखणं असतं, पण कॉकपिटमध्ये ते पेट घेतं. ज्वालारोधक चाचणीचा दाखला नसेल तर ते आत येऊ देऊ नका. इंधनाच्या खटक्यापाशी, दारापाशी चिकटवलेल्या सूचनापट्ट्या नव्या चामड्याखाली झाकल्या गेल्या, असंही मी पाहिलंय.

मालकाची घाई मला समजते. हँगरचं भाडं चालू, विमा चालू, कारागीर आज येतो उद्या येतो. तरीही परवानाधारक अभियंत्याने काम संपल्याची सही करून विमान सेवेत सोडल्याखेरीज चावी लावू नये. त्याच्याकडून काढलेल्या वस्तूंची यादी मागून घ्या आणि एकेक वस्तू परत जागेवर बसलेली पडताळा. मग पहिलं उड्डाण स्वच्छ हवेत, दिवसा, धावपट्टी नजरेआड न करता करा, आणि त्यात बायको-मुलांना बसवू नका. त्यांना दुसऱ्या फेरीला न्या.