टम्म अक्षरं कुठे शोभतात?

प्रश्न : बालनाट्य शिबिराच्या पत्रकासाठी ‘मोदक’ फॉन्ट निवडलाय. सगळा मजकूर त्यातच घ्यावा का?

उत्तर : शीर्षक बिनधास्त घ्या, बाकी नको. मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा देवनागरी-रोमन फॉन्ट हाताने रेखाटलेल्या अक्षरांतून घडला. अक्षरं इतकी टम्म, की ‘ब’च्या पोटात जेमतेम केसाएवढी फट उरते. सगळी गंमत त्या फटीत, अडचणही तिथेच. 12 पॉइंटला ती शाईने बुजते आणि जोडाक्षराचा नुसता गोळा दिसतो. पत्ता, वेळ, फी त्याच मंडळींच्या ‘मुक्ता’त लावा. ‘मोदक’ला मोठा आकार, दोन-तीन शब्द आणि एकच गडद रंग पुरे. वर जाड आउटलाइन देण्याचा मोह छापखान्यात हमखास होतो, तो टाळाच. फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे, त्यामुळे त्याचे पैसे पडणार नाहीत.