छडी कोणाची?

जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' कादंबऱ्यांतील (१९९७ ते २००७) जादूगारांच्या समाजात शुद्ध रक्ताला फार मान आहे. गंमत अशी, की या शुद्धतेचा सर्वांत मोठा कैवारी व्होल्डेमॉर्ट स्वतःच मिश्र रक्ताचा! त्याचा बाप जादू न येणारा साधा माणूस; म्हणून त्याने बापाचे नावच टाकून दिले. हर्मायनीचे आईवडील दाताचे डॉक्टर. वर्गात मात्र तीच हुशार.

शेवटच्या भागात तर सरकारच चौकशी मंडळ नेमते. अशा घरांतल्या मुलांनी जादू चोरली, हा आरोप. मिसेस कॅटरमोलला विचारतात, ही छडी कोणाकडून घेतलीस? आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच; या प्रश्नाशी बराच वेळ अडले. अकराव्या वर्षी दुकानातून विकत घेतली, असे ती रडत सांगते. मंडळ ऐकत नाही.